कळफलक, अक्षर आणि मराठीचे अभ्यासक

संगणकशास्त्राच्या ज्या शाखेला ‘मानव-संगणक आंतरक्रिया’ असे नाव आहे, तिचा मराठी साहित्याच्या अभ्यासकाशी काही संबंध असू शकतो, असे आपल्या विभागांतून सहसा मानले जात नाही. यंत्र अभियंत्याने पाहावे, आशय आपण पाहू, अशी एक अलिखित वाटणी आपण करून घेतली आहे. ही वाटणी मराठीच्या हिताची नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. मराठी माणूस संगणकासमोर बसून लिहू लागतो त्या क्षणी लिपी, वर्ण, अक्षर, शुद्धलेखन आणि बोली या पाचही विषयांवरील काही सिद्धान्त कोणीतरी त्याच्या वतीने आधीच गृहीत धरलेले असतात. हे विषय आपले आहेत. ते सिद्धान्त मात्र आपण मांडलेले नाहीत, आणि बहुधा तपासलेलेही नाहीत.

ही शाखा स्वतंत्रपणे नावारूपाला आली ती १९८०च्या दशकात. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल यांचा या विषयावरील पायाभूत ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस एखादे काम यंत्राकडून करवून घेतो तेव्हा त्याला किती वेळ लागतो, तो कोठे अडखळतो, कोणती गोष्ट त्याला आठवावी लागते आणि कोणती नुसती ओळखावी लागते, याचे मोजमाप करण्याची पद्धत या मंडळींनी घालून दिली. त्यांच्या गणिताचे एक मूळ एकक म्हणजे कळ दाबण्याची एक क्रिया. रोमन लिपीच्या बाबतीत हे एकक निर्वेध चालते, कारण तेथे एक कळ म्हणजे एक अक्षर. १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणलेल्या टंकयंत्रावरील कळांची मांडणी आजही थोड्या फरकाने आपल्या हाताखाली आहे, आणि ‘अक्षर म्हणजे काय’ हा प्रश्न त्या मांडणीला कधी पडला नाही. आपल्याला तो पहिल्याच शब्दापाशी पडतो.

‘रत्नागिरी’ हाच शब्द घ्या. पहिलीतल्या मुलाला विचारले तर तो यात चार अक्षरे आहेत असे सांगेल : र, त्ना, गि, री. संगणकाच्या लेखी हा शब्द नऊ संकेतांकांचा आहे : र, त, हलन्त चिन्ह, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी. मूल चूक नाही आणि यंत्रही चूक नाही. पण दोघांच्या मोजणीतले हे अंतर लिहिणाऱ्याला पदोपदी जाणवते. बहुतेक ठिकाणी बाणाच्या कळेने मागे सरकू लागलो की दर्शक ‘री’वरून ‘गि’वर, ‘गि’वरून ‘त्ना’वर असा अक्षराअक्षराने जातो, खोडण्याची कळ दाबली की मात्र ‘री’ची आधी वेलांटी जाते आणि मागे ‘र’ उरतो. म्हणजे एकाच यंत्रात लिपीविषयीचे दोन सिद्धान्त शेजारी शेजारी नांदतात. चालताना यंत्र अक्षर मानते, खोडताना वर्ण मानते. व्याकरणाच्या तासाला आपण वर्ण आणि अक्षर यांतला भेद शिकवतो आणि तो परीक्षेपुरता असतो असे विद्यार्थ्यांना वाटते. त्या भेदाचा इतका रोकडा प्रत्यय दुसरीकडे कोठे मिळत असेल असे मला वाटत नाही.

यंत्र आणि लिपी यांचा हा झगडा नवा नाही, आणि त्याच्या इतिहासात रत्नागिरीचे स्थान लहान नाही. याच गावी १८५६ मध्ये जन्मलेल्या टिळकांनी पुढे मुद्रणालय चालविताना देवनागरी खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल याचा खटाटोप केला होता. जोडाक्षरांमुळे जुळाऱ्याच्या पुढ्यातील खणांची संख्या शेकड्यांनी वाढत असे, ही त्यामागील व्यावहारिक अडचण होती. पुढे १९२४ ते १९३७ या काळात सावरकर येथे स्थानबद्ध होते. त्यांची लिपिशुद्धीची चळवळ याच वास्तव्यातली. ‘अ’ला वेलांट्या आणि उकार लावून स्वर लिहिण्याची ‘अ’ची बाराखडी, जोडाक्षरे एकाखाली एक न रचता शेजारी शेजारी लिहिण्याचा आग्रह, या गोष्टींमागे मुद्रण आणि टंकलेखन यांची सोय हा एक मोठा हेतू होता. १९५३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या परिषदेने तर ऱ्हस्व इकाराची खूण व्यंजनाच्या उजवीकडे नेण्याची शिफारस केली. ती टिकली नाही, आणि टिकली नाही हे बरेच झाले.

या सुधारणांचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. यंत्राला जमत नाही म्हणून अक्षराने आपले हातपाय आखडून घ्यावेत, हा विचार मला तेव्हाच्या परिस्थितीतही घाईचा वाटतो. ज्या अडचणीपायी लिपी बदलावयाची ती अडचणच पुढील पन्नास वर्षांत नाहीशी झाली. परंतु एक गोष्ट मान्य करावयास हवी. तेव्हा वाद झाला तो उघड झाला. लेखक, संपादक, शिक्षक, व्याकरणकार त्यात उतरले. ‘अि’ लिहावे की ‘इ’ यावर माणसे वर्तमानपत्रांतून भांडली. गेल्या चाळीस वर्षांत आपल्या लिपीविषयी त्याहून कितीतरी दूरगामी निर्णय घेतले गेले आणि त्यांवर मराठीच्या नियतकालिकांत ओळभर टीकाही झाली नाही, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ते निर्णय घेणारी माणसे अजाण होती असे मात्र मुळीच नाही. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भारतीय लिप्यांसाठी जे काम सुरू झाले, ते १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’मध्ये पुढे वाढले. भारतीय मानक विभागाने १९९१ मध्ये मान्य केलेली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली आणि तिच्याबरोबरचा ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक पाहिला म्हणजे त्याच्या कर्त्यांना वर्णमालेचे मर्म कळले होते याची खात्री पटते. स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळेवर, ‘त’ आणि ‘थ’ एकाच कळेवर, ‘प’ आणि ‘फ’ एकाच कळेवर. म्हणजे अल्पप्राणाची कळ जोड देऊन दाबली की महाप्राण उमटावा. जुन्या टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकावी लागे, कारण कागदावर ती आधी येते. येथे ती उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर येते. दिसण्याचा क्रम सोडून उच्चाराचा क्रम स्वीकारणे हा लिपिविषयक निर्णय आहे, आणि तो माझ्या मते योग्यच झाला. दुःख एवढेच की, प्रातिशाख्यांपासून चालत आलेल्या वर्णविचाराचा एवढा सुंदर विनियोग डोळ्यांसमोर असताना आपल्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत त्याला एका ओळीचीही जागा मिळालेली नाही.

१९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तीत देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या आधीच्या, १९८८च्या आराखड्यावर बेतलेली होती आणि तिच्या वाट्याला १२८ स्थाने आली. या स्थानांत मराठीची म्हणून जी वैशिष्ट्ये, ती कशी बसली हे पाहणे उद्बोधक आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. एक गावाच्या पश्चिमेला आहे आणि दुसऱ्या पूर्वेला. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक तर आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांतला ठरलेला दाखला. या दुसऱ्या, चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘र’साठी युनिकोडच्या तक्त्यात ‘ऱ’ला हलन्त जोडावा लागतो, आणि त्या ‘ऱ’समोरची टीप सांगते की, हे अक्षर द्राविडी भाषांतील वर्त्स्य ‘र’ लिहून दाखविण्यासाठी आहे! मराठीतला त्याचा अर्धा अवतार ‘पापणीचा र’ या नावाने त्याच टिपेत पुढे नोंदला आहे. सोय झाली, पण ती मराठीच्या नावाने झाली नाही. ‘ॲ’ला स्वतःचे स्थान मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. ‘ळ’चे स्थान ‘ल’च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाची शब्दसूची नुसत्या संकेतांकांच्या क्रमाने लावली, तर ती मराठी कोशाच्या क्रमाशी जुळणार नाही, आणि का जुळत नाही हे बहुधा त्याच्या मार्गदर्शकालाही सांगता येणार नाही. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी वर्णमाला व वर्णक्रम यांविषयी निर्णय काढून ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे पुन्हा प्रमाण ठरविली. तरी फॉन्ट निवडण्याच्या भानगडीत न पडणाऱ्याच्या पडद्यावर आजही पुष्कळदा हिंदीची वळणे उमटतात. दोन्ही वळणांचा संकेतांक एकच असल्यामुळे कोणते दाखवावयाचे हे फॉन्टने ठरवावयाचे असते.

युनिकोड रुळण्यापूर्वी डीटीपीच्या दुकानांतून जे हजारो प्रबंध टंकलिखित झाले, त्यांची कथा थोडक्यात सांगितलेली बरी. तेथे प्रत्येक फॉन्टचे संकेत वेगळे होते; अक्षर असे संगणकात नव्हतेच, होते ते अक्षराच्या तुकड्यांचे चित्र. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तो प्रबंध म्हणजे रोमन चिन्हांचा कचरा. तो शोधता येत नाही, त्याची सूची करता येत नाही. एका पिढीचे संशोधन आज फक्त कागदावर उरले आहे, आणि कोकणातल्या दमट हवेत कागदाचे काय होते हे येथील ग्रंथपाल जाणतात.

आता ज्या कामाकडे अभ्यासकांचे मुद्दाम लक्ष वेधावयाचे आहे, ते मुंबईतले आहे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ पासून औद्योगिक अभिकल्प केंद्र आहे. सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) तेथे अध्यापन करीत. अक्षराचे वळण हा केवळ सजावटीचा विषय नसून लिपीच्या घटनेचा विषय आहे, हे त्यांनी हातातल्या बोरूपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत दाखवून दिले; संगणकांवर सर्वदूर पोहोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. त्याच केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी यांनी मानव-संगणक आंतरक्रियेच्या अंगाने भारतीय लिप्यांतील लेखनाचा प्रश्न हाती घेतला. ‘कीलेख’ या त्यांच्या गटाच्या कळफलकावर, ज्याविषयीचा निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली होती. ज्याने आयुष्यात टंकलेखन शिकलेले नाही, पण शाळेत ‘क ख ग घ’ घोकले आहे, त्याला आपल्या पाठांतराच्या बळावर अक्षर सापडावे, ही त्यामागची दृष्टी. २०१३ मध्ये आलेल्या ‘स्वरचक्र’ या भ्रमणध्वनीवरील कळफलकात हीच दृष्टी पुढे गेली. ‘क’वर बोट ठेवले की त्याभोवती एक चक्र उघडते आणि त्यात का, कि, की, कु अशी बाराखडी उमटते, बोट त्या दिशेला सरकविले की अक्षर लिहिले जाते. हलन्त निवडला की पुढील कळांवर जोडाक्षरे तयार होऊन दिसू लागतात.

येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, बाराखडी ही आपण पाठांतराची जुनाट पद्धत म्हणून जवळजवळ टाकून दिली होती. अभिकल्पाच्या अभ्यासकांनी ती माणसे बसवून, वेळ मोजून, चुका मोजून तपासली आणि लेखनाचे साधन म्हणून उभी केली. ‘इन्स्क्रिप्ट’ आणि ‘स्वरचक्र’ यांत मला एक तात्त्विक भेद दिसतो. पहिला वर्णाला प्रमाण मानतो, दुसरा अक्षराला. पहिला व्याकरणकाराचा आहे, दुसरा पंतोजींचा. या दोहोंतून कोणता मराठीच्या प्रकृतीला अधिक मानवतो हा प्रश्न कळा मोजून पूर्णपणे सुटणारा नाही, त्याला मराठीचे ज्ञान लागेल. पण हा वाद घालावयास आपल्याकडून कोणी गेलेच नाही.

दरम्यान बहुसंख्य लोकांनी तिसराच मार्ग पत्करला. आपल्या पदव्युत्तर वर्गांतील बरेचसे विद्यार्थी आज मराठी लिहितात ते रोमन कळा दाबून. के, ए, एल या तीन कळा दाबल्या की यंत्र पुढे करते : काल, काळ, कल, कळ. चार शब्द, चार अर्थ; त्यांतून एकावर बोट ठेवावयाचे. डी, आय, एन दाबल्यावर ‘दिन’ही येतो आणि ‘दीन’ही. ‘सुत’ आणि ‘सूत’ यांचेही तसेच. या सोयीमुळे जे कधीच मराठी लिहिते झाले नसते असे लक्षावधी लोक लिहिते झाले, आणि कळफलकावर मराठी अक्षरे दिसत नसताना त्यांनी दुसरे करावे तरी काय, हा युक्तिवाद मला मान्य आहे. या मार्गाला नावे ठेवणारे बहुतेक जण स्वतः टंकलेखन दुसऱ्याकडून करवून घेतात, हेही खरे.

तरीही येथे मराठीच्या शिक्षकाने थबकावयास हवे. जेकब नीलसन यांनी १९९४ मध्ये या शास्त्रातील जे सर्वमान्य संकेत सूत्ररूपाने सांगितले, त्यांपैकी एक असे की, माणसाला आठवावयास लावू नका, ओळखावयास लावा. बँकेचे यंत्र चालविताना हे सूत्र अगदी योग्य. लेखनाच्या बाबतीत मात्र त्याचा परिणाम वेगळा होतो. ऱ्हस्व-दीर्घ, न-ण, ल-ळ यांचा निवाडा पूर्वी लिहिणाऱ्याच्या मनात, अक्षर उमटण्यापूर्वी होत असे. आता तो यंत्राने सुचविलेल्या यादीतून, अक्षर उमटल्यानंतर होतो. आणि यादीत पहिला कोण हे यंत्र, बहुतेकांनी पूर्वी काय निवडले त्यावरून, ठरविते. बहुतेकांनी चुकीचे निवडले असेल तर चूक वर चढते. शुद्धलेखनाचे नियम मंडळाने १९६२ मध्ये केले आणि त्यांत १९७२ मध्ये भर घातली, असे आपण शिकवितो. आज प्रत्यक्षात शब्दाचे रूप कोण स्थिर करीत आहे, हा प्रश्न त्या धड्यानंतर लगेच विचारावयास हवा. विद्यार्थ्याच्या लेखनातील ‘चूक’ ही आता त्याची एकट्याची उरलेली नाही, आणि म्हणून उत्तरपत्रिकेत तांबड्या शाईने तिच्याभोवती वर्तुळ काढणेही पुरेसे राहिलेले नाही.

यापुढची पायरी वाणीची. बोलावे आणि यंत्राने लिहून घ्यावे, ही गोष्ट आता नवलाची उरलेली नाही. केंद्र शासनाचा ‘भाषिणी’ हा उपक्रम २०२२ पासून याच दिशेने चालू आहे. अशी यंत्रणा शिकते ती तिला ऐकविलेल्या नमुन्यांवरून. जो शब्द तिच्या साठ्यात नाही त्याच्या जागी जवळचा ओळखीचा शब्द उमटविणे हा तिचा स्वभाव आहे. संगमेश्वरी बोलणाऱ्या म्हातारीचे वाक्य तिने प्रमाण मराठीत ‘दुरुस्त’ करून छापले, तर त्या म्हातारीचे अर्ज लिहिण्याचे काम कदाचित होईल, पण बोलीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने पुरावाच पुसला गेला. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, आणि कोकणातील बोलींचे कितीतरी नमुने त्यात नोंदले गेले. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचे ध्वनिमुद्रित सर्वेक्षण केले आहे. अशी सामग्री यंत्रणा घडविणाऱ्यांच्या हाती कोणत्या टिपांसह जाते, ‘हे अशुद्ध’ अशा शेऱ्यासह की ‘हे संगमेश्वरी’ अशा नोंदीसह, यावर पुढील पुष्कळ काही अवलंबून आहे. तो शेरा लिहिणारा माणूस आपल्या विभागातून शिकून गेलेला असू शकतो. असावा.

यावर ठरलेला आक्षेप असा येतो की, हे काम तांत्रिक आहे आणि आमच्याकडे ना यंत्रे ना प्रशिक्षण. तांत्रिक भाग आहे हे खरे. परंतु या शास्त्राची निम्मी पद्धत म्हणजे माणसाशेजारी बसून तो काय करतो ते निगुतीने पाहणे आणि लिहून ठेवणे. लोकसाहित्याच्या क्षेत्रीय अभ्यासात आपण दुसरे काय करतो? मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर अध्यासने, ग्रंथ आणि अनुवाद यांच्या योजना अनेकांनी मांडल्या. मराठी कशी लिहिली जात आहे, हाताने, कळेने, वाणीने, याचा अभ्यास त्यांत कोणी मागितल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

रत्नागिरीत हे काम यंदाच्या सत्रात सुरू करता येईल. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी वीस विद्यार्थी घ्यावेत. प्रत्येकाने आपल्या वाडीतील एक वृद्ध, एक शाळकरी मूल आणि एक मासळीविक्रेता वा दुकानदार अशा तिघांच्या शेजारी बसून त्यांचे भ्रमणध्वनीवरील मराठी लेखन पाहावे. ‘कि’ हे अक्षर हाताने लिहिताना ते वेलांटी आधी काढतात की व्यंजन, आणि कळेने लिहिताना कोठे थांबतात. ‘दऱ्या’ हवे असता ‘दर्या’ उमटले तर दुरुस्त करतात की तसेच पाठवून देतात. यादीतला पहिला शब्द न वाचताच घेतात का. बोलून लिहिताना आपली बोली आपोआप प्रमाण करून बोलतात का. साठ माणसांच्या या नोंदी विभागात जमल्या, तर त्या घेऊन पवईला जाता येईल, आणि तेव्हा बोलणे बरोबरीच्या नात्याने होईल.